न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे म्हणून विश्वात द्रव्य उरलं, हे विधान कितपत टिकतं?

कृत्तिका
लोकप्रिय विज्ञानाच्या लेखांत 'न्यूट्रिनोंमुळे आपण आहोत' हे वाक्य हल्ली सर्रास दिसतं. वाक्य मोहक आहे, पण त्यात पक्क्या गोष्टी आणि अंदाज यांची सरमिसळ होते असं माझं मत आहे. त्यावर सविस्तर काथ्याकूट व्हावा म्हणून हा धागा.

न्यूट्रिनोंना, म्हणजे विद्युतभार नसलेल्या आणि द्रव्यातून जवळजवळ न अडता जाणाऱ्या अतिहलक्या कणांना, वस्तुमान आहे, हे पक्कं. १९९८ मध्ये जपानमधल्या सुपर-कामिओकांडेने आणि २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने ते दाखवलं. काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना २०१५चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

विश्वात द्रव्य आहे आणि प्रतिद्रव्य (तशाच पण उलट्या विद्युतभाराच्या प्रतिकणांचं द्रव्य) जवळपास नाही, हेही पक्कं. आज दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीड अब्जाहून अधिक फोटॉन आहेत. त्याचा अर्थ असा की अगदी सुरुवातीला दर अब्ज प्रतिकणांमागे कण एखाद-दुसऱ्याने जास्त होते. बाकीचे एकमेकांना भिडून नष्ट झाले आणि त्यांचं प्रारण झालं. तो एखाद-दुसरा जास्तीचा कण म्हणजे आज दिसणारं सगळं.

या दोहोंना जोडणारा दुवा मात्र पक्का नाही. आपल्याला माहीत असलेल्या हलक्या न्यूट्रिनोंनी द्रव्य निर्माण केलं असं सिद्धान्तही म्हणत नाही. केलं असेल तर त्यांच्या अतिजड भावंडांनी, आणि ती अजून कुणी पाहिलेली नाहीत. मग हे वाक्य इतक्या खात्रीने लिहावं का?

टवाळ_भिडू
वाखु (वाचनखूण) साठवली. म्हणजे विश्वाचा हिशेब मांडला, अब्जावधी वजा झाले आणि आपण उरलो. शिल्लक म्हणून जगायला माझी काही हरकत नाही :)

निशाचर
एक बाळबोध प्रश्न. सुरुवातीलाच द्रव्य थोडं जास्त होतं, असं मानलं तर काय बिघडतं? प्रत्येक गोष्टीला कारण हवंच का?

आणि दुसरा. दूर कुठेतरी संपूर्ण प्रतिद्रव्याच्या दीर्घिका असतील, एकूण बेरीज शून्यच असेल, असं का नाही?

गणितवेडा
@निशाचर, दोन्ही प्रश्न बाळबोध अजिबात नाहीत.

दुसऱ्याचं उत्तर आधी, ते सोपं आहे. दीर्घिकांच्या मधली जागा अगदी रिकामी नसते, विरळ वायू असतोच. द्रव्याचा प्रदेश आणि प्रतिद्रव्याचा प्रदेश जिथे भेटतील तिथे कण-प्रतिकण नष्ट होत राहतील आणि त्यातून गॅमा किरण निघतील. तसे किरण दिसत नाहीत. प्रतिद्रव्याचे प्रदेश असलेच तर ते आपल्याला दिसणाऱ्या विश्वाएवढे मोठे असावे लागतील.

पहिल्याचं उत्तर अतिस्फीतीत आहे. सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणात आधीचं जे काही जास्तीचं द्रव्य असेल ते इतकं विरळ झालं असतं की त्याला अर्थच उरला नसता. म्हणून जास्तीचं द्रव्य अतिस्फीतीनंतर तयार व्हावं लागतं. त्यासाठी काय काय लागेल हे आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं. बॅरिऑनांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची) संख्या बदलू शकेल अशी प्रक्रिया हवी. कण आणि प्रतिकण यांना निसर्गाने वेगळी वागणूक द्यायला हवी (सीपी सममितीचा भंग). आणि हे सगळं औष्णिक समतोल ढळलेला असताना व्हायला हवं, नाहीतर जे तयार होईल ते उलट्या प्रक्रियेने पुसलं जाईल.

निशाचर
धन्यवाद. अतिस्फीतीचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. पण मग नेहमीच्या प्रमाणित प्रतिकृतीतून (मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धान्तातून) हे का होत नाही? सीपी भंग तर १९६४ पासून माहीत आहे ना, क्रोनिन आणि फिच यांच्या केऑन नावाच्या कणांवरच्या प्रयोगापासून?

गणितवेडा
माहीत आहे, पण पुरत नाही. क्वार्कांमधला (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांमधला) सीपी भंग आजचं द्रव्य उरायला जितका हवा त्यापेक्षा दहाच्या कितीतरी घातांनी कमी पडतो. २०२५ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन केंद्रातल्या एलएचसीबी प्रयोगाने बॅरिऑनांमध्येही तो प्रथमच पाहिला, तरी या तुटीत फरक पडत नाही. शिवाय हिग्ज कणाचं वस्तुमान १२५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट; कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात सांगतात) निघाल्यामुळे सुरुवातीला एकच असलेलं विद्युत-दुर्बल बल विद्युतचुंबकी आणि दुर्बल अशा दोन बलांत विभागलं तो संक्रमणाचा क्षण अगदी सहज, हळुवार पार पडतो. समतोल हवा तितका ढळतच नाही.

जुनी_पाटी
धागा छान. मूळ विषयाला थोडा फाटा फोडतो. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पहिल्यांदा पकडले गेले ते १९६५ मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल जमिनीखाली. टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम इथल्या संशोधकांचा तो एकत्रित प्रयोग होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइनेस यांच्या गटालाही ते सापडले. तेहेतीस वर्षांनी सुपर-कामिओकांडेने वस्तुमानाचा पुरावा दिला तो याच वातावरणीय न्यूट्रिनोंवरून. कोलारचा उल्लेख या कहाणीत फार क्वचित येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुक्ता_आकाश
+१. हे माहीत नव्हतं.

मला अजून पहिल्याच पायरीवर अडखळायला होतंय. न्यूट्रिनो प्रकार बदलतात यावरून त्यांना वस्तुमान आहे हे कसं काय ठरतं? वजन तर कुणी केलंच नाही!

रेणुका_लॅब
@मुक्ता_आकाश, वस्तुमान नसलेला कण प्रकाशाच्या वेगाने जातो आणि त्याच्यासाठी काळ सरकतच नाही. प्रवासात बदलायचं तर त्याला काळ जाणवायला हवा. इतकं ध्यानात घेतलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं असं: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ हे न्यूट्रिनोंचे तीन प्रकार म्हणजे ठरावीक वस्तुमानाच्या तीन अवस्थांची वेगवेगळी मिश्रणं आहेत. या तीन अवस्थांच्या लहरी वेगवेगळ्या गतीने पुढे सरकतात, वाटेत मिश्रण बदलतं आणि निघालेला म्युऑन न्यूट्रिनो पोचताना टाऊ असू शकतो.

सडबरीचा प्रयोग मला सगळ्यांत देखणा वाटतो, कारण त्यात पळवाटच नव्हती. सूर्यात फक्त इलेक्ट्रॉन प्रकारचे न्यूट्रिनो बनतात. रे डेव्हिस यांना होमस्टेक खाणीत ते अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच सापडत होते, आणि कितीतरी वर्षं वाद चालला की चूक प्रयोगात आहे, सूर्याच्या गणितात आहे की न्यूट्रिनोत. सडबरीत १००० टन जड पाणी होतं. त्यातल्या ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) अणुकेंद्रावर न्यूट्रिनो दोन तऱ्हांनी आदळू शकतो. एका तऱ्हेत फक्त इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो भाग घेतो. दुसऱ्या तऱ्हेत केंद्र फुटून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सुटे होतात, आणि ते कुठल्याही प्रकारचा न्यूट्रिनो सारख्याच सहजतेने करू शकतो. त्याच पाण्यात दोन्ही मोजले. पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण एकतृतीयांश आला आणि दुसरा सूर्याच्या गणिताशी जुळला. न्यूट्रिनो हरवले नव्हते, त्यांचा प्रकार बदलला होता.

पण मुक्ता म्हणते ते खरं. यातून वजन कळत नाही, वस्तुमानांच्या वर्गांमधला फरक कळतो. मोठ्या फरकावरून इतकंच सांगता येतं की किमान एक न्यूट्रिनो ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट किंवा त्याहून जड आहे.

मुक्ता_आकाश
आणि वरची मर्यादा?

रेणुका_लॅब
प्रत्यक्ष मोजमापातून आलेली सर्वांत कडक मर्यादा जर्मनीतल्या काटरिन प्रयोगाची आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल: ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी. तुलनेला, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ५,११,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे.

पद्धत सरळ आहे, करणं महाकठीण. ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) बीटा ऱ्हासात इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो मिळून सुमारे १८,६०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा वाटून घेतात. क्वचित कधीतरी इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळीच ऊर्जा घेऊन जातो. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर तेवढी ऊर्जा त्याच्यासाठी राखीव राहते, आणि इलेक्ट्रॉनच्या आलेखाचं अगदी शेवटचं टोक किंचित आधी संपतं. त्या टोकाचा आकार मोजायला २३ मीटर लांब, १० मीटर व्यासाची निर्वात टाकी लागली. ती रस्त्याने नेता येईना, म्हणून २००६ मध्ये तिला डॅन्यूब नदी, काळा समुद्र, भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि ऱ्हाइन असं सुमारे ९,००० किलोमीटर फिरवून कार्ल्सरूहेला आणलं. सरळ अंतर त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकंही नव्हतं.

टवाळ_भिडू
विश्वातल्या सगळ्यांत हलक्या सामानासाठी सगळ्यांत अवजड वाहतूक!

रोखठोक
मूळ प्रश्नावर येतो. कृत्तिकांशी मी सहमत आहे, किंबहुना पुढे जाऊन म्हणेन की हा दुवा तपासताच येत नाही. या सिद्धान्ताच्या सर्वांत साध्या आवृत्तीत त्या जड न्यूट्रिनोचं वस्तुमान निदान एक अब्ज जीईव्ही हवं. आज माणसाने बांधलेला सर्वांत शक्तिशाली त्वरक १३,६०० जीईव्हीपर्यंत पोचतो. म्हणजे जवळपास लाखभर पटींची तफावत. जे पाहता येणार नाही त्याच्यावर विश्वाची उत्पत्ती टांगायची, ही श्रद्धा झाली. गणितात लिहिली म्हणून ती विज्ञान होत नाही.

अनुस्वार
@रोखठोक, टोकाचं बोलताय. हा सिद्धान्त न्यूट्रिनोंवर ओढूनताणून चिकटवलेला नाही, तो वस्तुमानाच्या कोड्यातून आपसूक बाहेर येतो. जरा आकडे मांडून पाहू.

न्यूट्रिनो इतके हलके का, याचं सर्वांत जुनं आणि गाजलेलं उत्तर म्हणजे सीसॉ यंत्रणा. मिन्कोव्स्की यांनी १९७७ मध्ये, मग यानागिदा, गेल-मान, रामॉन आणि स्लान्स्की यांनी, आणि मोहपात्रा-सेन्यानोविच यांनी १९८० मध्ये ती मांडली. आपल्याला माहीत असलेल्या डावखुऱ्या (फिरकीची दिशा गतीच्या उलट असलेल्या) न्यूट्रिनोंना अतिजड उजवखुरे जोडीदार आहेत असं मानायचं. मग हलक्याचं वस्तुमान साधारण असं येतं: विद्युत-दुर्बल बलाच्या ऊर्जापातळीचा वर्ग भागिले जडाचं वस्तुमान. १७४ जीईव्हीचा वर्ग सुमारे ३०,०००. जडाचं वस्तुमान १०चा १५वा घात जीईव्ही धरून त्याने भागा. उत्तर येतं ०.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आणि प्रयोग म्हणतो ०.०५! जोडीदार जितका जड, तितका आपला न्यूट्रिनो हलका.

पुढचं पाऊल फुकुगिता आणि यानागिदा यांचं, १९८६चा तीन पानांचा शोधनिबंध. हे जड न्यूट्रिनो विश्वाच्या तापलेल्या बाल्यावस्थेत तयार झाले असणार. विश्व थंडावल्यावर त्यांचा ऱ्हास होतो: कधी लेप्टॉन (इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंच्या कुळातला कण) आणि हिग्ज, कधी प्रतिलेप्टॉन आणि प्रतिहिग्ज. हे दोन मार्ग किंचित असमान असू शकतात. ऱ्हास संथ असेल तर समतोलही ढळतो. साखारोव्हच्या दोन अटी इथेच पुऱ्या झाल्या, पण हा झाला लेप्टॉनांचा असमतोल. त्यातून प्रोटॉन-न्यूट्रॉन कुठून येणार?

त्याचं उत्तर एक वर्ष आधीच, १९८५ मध्ये, कुझमिन, रुबाकोव्ह आणि शापोश्निकोव्ह यांनी दिलेलं होतं. फार उच्च तापमानाला प्रमाणित प्रतिकृतीतच स्फॅलेरॉन नावाच्या प्रक्रिया जोरात चालतात. प्रत्येक प्रक्रियेत बॅरिऑन आणि लेप्टॉन या दोन्ही संख्या एकदम तीनने बदलतात, त्यांच्यातला फरक तेवढा कायम राहतो. त्यामुळे लेप्टॉनांचा असमतोल आपोआप काही प्रमाणात बॅरिऑनांत उतरतो. यात नवीन काहीही गृहीत धरलेलं नाही! तापमान सुमारे १३० जीईव्हीच्या खाली आलं की स्फॅलेरॉन थंडावतात आणि त्या क्षणी जे असेल ते कायमचं गोठतं.

मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. वस्तुमानाचं कोडं सोडवायला आणलेली वस्तू दुसरंच, त्याहून मोठं कोडं सोडवते, असं भौतिकीत फार वेळा होत नाही.

कृत्तिका
@अनुस्वार, इतकं नीट मांडल्याबद्दल आभार. देखणेपण मान्यच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हलक्याचं वस्तुमान जडाच्या वस्तुमानावर आणि त्यांच्या जोडणीच्या बळावर असं दोहोंवर ठरतं. जोडणी दुबळी धरली तर १०चा १५वा घात लागतच नाही. म्हणजे ०.०३ आणि ०.०५ यांची जवळीक हा पुरावा नाही, ती आपण निवडलेली जोडणी आहे. द्रव्य उरण्याशी हलक्या वस्तुमानाचा याहून घट्ट संबंध दाखवता येतो का?

अनुस्वार
येतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तोच सर्वांत मोलाचा भाग आहे, जो लोकप्रिय लेखांत येतच नाही.

जड न्यूट्रिनोचा ऱ्हास होतो तसे लेप्टॉन आणि हिग्ज एकत्र येऊन तो पुन्हा तयारही होतो. ही उलटी प्रक्रिया जोरात असेल तर तयार झालेला असमतोल पुसला जातो. पुसण्याचा हा जोर ज्या जोडणीवर अवलंबून असतो, तिचाच हलक्या न्यूट्रिनोंच्या वस्तुमानातही वाटा असतो. हलके न्यूट्रिनो जास्त जड असते तर पुसणं इतकं प्रबळ झालं असतं की काही उरलंच नसतं. साध्या आवृत्तीत ही मर्यादा सुमारे ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. दोलनं (न्यूट्रिनोंचं प्रकार बदलणं) सांगतात ०.०५ तरी हवं. महास्फोटानंतरच्या प्रारणाचा प्लांक उपग्रहाने केलेला अभ्यास आणि दीर्घिकांची मांडणी मिळून सांगतात की तिन्ही वस्तुमानांची बेरीज ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी आहे. आपण नेमके त्या अरुंद पट्ट्यात आहोत.

गणितवेडा
हा मुद्दा महत्त्वाचा. फक्त एक पुस्ती जोडतो: इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांचा परिणाम वेगवेगळा धरला तर ही मर्यादा सैल होते. जड न्यूट्रिनोंची वस्तुमानं एकमेकांच्या अगदी जवळ असतील तर आणखी सैल. म्हणून ०.१ला लक्ष्मणरेषा समजू नये.

रोखठोक
म्हणजे मर्यादा मोडली तर 'आवृत्ती बदला'. माझा मुद्दा यातून सुटलेला नाही. कुठला निकाल आला तर तुम्ही हा सिद्धान्त सोडाल, ते सांगा.

रेणुका_लॅब
@रोखठोक, प्रश्न रास्त आहे.

या यंत्रणेत न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असावा लागतो. ही कल्पना एत्तोरे मायोराना यांची, १९३७ची. ती तपासता येते. झेनॉन-१३६च्या काही अणुकेंद्रांत दोन न्यूट्रॉन एकदम बदलून दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो निघतात. हा दुर्मिळ ऱ्हास मोजून झालेला आहे. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल तर कधीतरी दोन इलेक्ट्रॉनच बाहेर पडतील, न्यूट्रिनो एकही नाही. तेव्हा दोन इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची बेरीज दर वेळी तीच येईल, सुमारे २४.६ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि आलेखात त्या जागी एक अरुंद शिखर दिसेल. कामलँड-झेन प्रयोगात बरीच वर्षं शोधूनही ते दिसलेलं नाही. त्यावरून या ऱ्हासाचा अर्धायुकाल १०च्या २६व्या घाताइतक्या वर्षांहून जास्त आहे. विश्वाचं वय १०च्या १०व्या घाताच्या आसपास.

शिखर दिसलं तर लेप्टॉन संख्या निसर्गात अबाधित नाही हे सिद्ध होईल. हाच तर या सिद्धान्ताचा कणा आहे.

निशाचर
आणि जपानमधल्या न्यूट्रिनोंच्या त्या किरणशलाकेचं काय? तिथे सीपी भंग 'सापडला' अशी बातमी होती.

रेणुका_लॅब
तो टीटूके प्रयोग. तोकाईला प्रोटॉन ग्रॅफाइटवर आदळवतात, त्यातून निघालेले पायऑन (ज्यांच्या ऱ्हासातून न्यूट्रिनो मिळतात ते कण) शिंगाच्या आकाराच्या चुंबकांनी एकवटतात. शिंगांतला विद्युतप्रवाह उलटा केला की ऋण पायऑन निवडले जातात आणि न्यूट्रिनोंऐवजी प्रतिन्यूट्रिनोंची शलाका मिळते. २९५ किलोमीटरवर सुपर-कामिओकांडेत बघायचं की म्युऑनचे इलेक्ट्रॉन प्रकारात रूपांतर दोन्हींत सारखंच होतं का. २०२० मध्ये त्यांनी सांगितलं की सीपी अबाधित असण्याची शक्यता ९५ टक्के विश्वासपातळीवर नाकारली जाते. शोध म्हणायला हे पुरेसं नाही. अमेरिकेतल्या नोव्हा प्रयोगाचा कलही त्याच्याशी नीट जुळत नव्हता.

अडचण अशीही आहे की वाटेतली पृथ्वी मुळातच द्रव्याची. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण यांच्यावर तिचा परिणाम वेगळा होतो, त्यामुळे सीपी भंग नसला तरी फरक दिसतो. तो वेगळा काढण्यासाठीच ड्यून प्रयोगात शलाका १,३०० किलोमीटर जाणार आहे. २,६०,००० टन पाण्याचा हायपर-कामिओकांडेही उभा राहतो आहे.

कृत्तिका
माझी नेमकी तक्रार हीच! अशी बातमी आली की लगेच 'द्रव्य का उरलं याचं उत्तर मिळालं' असे मथळे येतात. शलाकेत मोजला जाणारा सीपी भंग हलक्या न्यूट्रिनोंचा आहे. जड न्यूट्रिनोंच्या ऱ्हासात जो लागतो तो सर्वसाधारण सिद्धान्तात वेगळ्या कोनांवरही अवलंबून असतो. एक शून्य निघाला तरी दुसरा असू शकतो, आणि एक मोठा निघाला तरी दुसरा पुरेलच असं नाही.

अनुस्वार
@कृत्तिका, इथे पूर्ण सहमत. मीसुद्धा ते वाक्य त्या खात्रीने लिहिणार नाही. मी लिहीन: 'हलक्या न्यूट्रिनोंचं वस्तुमान ज्या कारणाने आलं, कदाचित त्याच कारणाने द्रव्य उरलं.'

रोखठोक
हे मला चालेल. 'कदाचित' काढू नका म्हणजे झालं. पण रेणुकाताई, शिखर दिसलं तर काय ते तुम्ही सांगितलंत. नाही दिसलं तर?

रेणुका_लॅब
ते वस्तुमानांच्या क्रमावर ठरेल. तीन अवस्थांत दोन जवळजवळ आहेत आणि एक लांब. ती लांबची जड की हलकी, हे अजून ठरलेलं नाही. हलकी असेल, म्हणजे क्रम उलटा असेल, तर या ऱ्हासाचा वेग एका ठरावीक किमान पातळीखाली जाऊ शकत नाही, आणि पुढच्या पिढीची उपकरणं तिथवर पोचण्याच्या बेताने आखली आहेत. उलटा क्रम सिद्ध झाला आणि शिखर तिथेही दिसलं नाही, तर न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण असण्याची कल्पना फार अडचणीत येईल आणि मी या सिद्धान्ताच्या बाजूने बोलणं थांबवेन. क्रम सरळ असेल तर मात्र ऱ्हास फारच मंद असू शकतो आणि न दिसण्यावरून काहीच ठरणार नाही.

क्रम ठरवायला चीनमधल्या जुनो प्रयोगाने ऑगस्ट २०२५ पासून मोजमाप सुरू केलं आहे, २०,००० टन द्रव प्रस्फुरक (कण आदळला की चमकणारा द्रव) घेऊन. अणुभट्ट्यांतून येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंच्या ऊर्जेच्या आलेखावरच्या बारीक लहरी मोजून ते क्रम सांगणार आहेत.

गणितवेडा
आणि @रोखठोक, सगळ्याच आवृत्त्या अब्ज जीईव्हीच्या नाहीत. आख्मेदोव्ह, रुबाकोव्ह आणि स्मिर्नोव्ह यांनी १९९८ मध्ये दाखवलं की काही जीईव्ही वस्तुमानाचे उजवखुरे न्यूट्रिनोही आपापसातल्या दोलनांतून असमतोल तयार करू शकतात. असे कण थेट शोधता येतात. सर्नने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या शिप प्रयोगात तेच शोधायचे आहेत: प्रोटॉन जाड लक्ष्यावर आदळवायचे, बाकी सगळं अडवायचं आणि पुढे लांब रिकाम्या पोकळीत एखादा अदृश्य कण अचानक दोन दिसणाऱ्या कणांत फुटतो का ते पाहायचं.

रोखठोक
हे वाचलं नव्हतं. शिपवर वेगळा धागा काढाल का?

गणितवेडा
काढतो. त्याआधी सीसॉचं गणित सविस्तर लिहायला हवं, नाहीतर जोडणी दुबळी म्हणजे किती दुबळी हे कळणार नाही.

मुक्ता_आकाश
पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). गणित सोडू नका, पायरी-पायरीने लिहा. आम्ही वाचतो आहोत.